तुम्ही विचारलंत म्हणून: ते छोटं स्वयंपाकघर कुठे गेलं?

आमची स्टॉप-मोशन फिल्म, म्हणजे बाहुल्या जराजरा हलवत एकेक फोटो काढून केलेली, बघून झाली की तिच्या सेटबद्दल लोक हमखास विचारतात, "ते इवलंसं स्वयंपाकघर अजून आहे ना? बघायला मिळेल?" नाही म्हटलं की लोकांचे चेहरे पडतात. "एवढा जीव ओतलास आणि ठेवलं नाहीस?" आजवर मी जागा नव्हती म्हणून विषय संपवत आले. जागा नव्हतीच, पण खरी गोष्ट ती नाही. शूटिंग संपेपर्यंतसुद्धा ते स्वयंपाकघर अख्खं राहिलं नव्हतं. त्याची डावी भिंत मी माझ्या हाताने करवतीने कापली.

सगळं १:६ मापात होतं, म्हणजे सहा फुटी माणसाचा पपेट, म्हणजे बाहुला, एक फुटाचा. त्या भिंतीच्या टाइल्स मी जाड पुठ्ठ्यातून एकेक कापल्या, ३४० च्या वर, प्रत्येकीची कड कानशीने जराशी मारली कारण सगळ्या सारख्या आल्या की छापील वाटतात, मग रंग, वॉर्निशचा हात, आणि फटींमध्ये पातळ मळकट रंग सोडून लगेच पुसायचा, म्हणजे वर्षानुवर्षांचा तेलकटपणा येतो. शेगडीजवळच्या जास्त पिवळट. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ॲनिमेटरने, म्हणजे पपेट हलवणारीने, सांगितलं होतं ते एकच, भिंत बोल्टवर ठेव, काढता आली पाहिजे. मी नाही ठेवली. सुटी भिंत म्हटली की कोपऱ्यात सांधा दिसतो, टाइल्सची ओळ तुटते, ते मला बघवत नव्हतं. चिकटवून टाकली, पक्की.

मग तो शॉट आला. ८ सेकंदांचा. म्हातारीचा पपेट ओट्यापाशी जातो आणि फळीवरचा डबा काढतो, बस. सेकंदाला २४ फ्रेम, एक पोझ दोन फ्रेम धरायची, म्हणजे ९६ पोझ. दर पावलाला टेबलाखालून तिच्या पायाचा स्क्रू सोडायचा, पाऊल पुढच्या भोकावर न्यायचं, परत कसायचं, आणि वर येऊन हात, मान, डोळे. ७१ व्या पोझला ॲनिमेटरचं कोपर फळीला लागलं. आवाजसुद्धा झाला नाही. प्ले करून बघितलं तर डब्यांची अख्खी ओळ उडी मारत होती. आधीची फ्रेम स्क्रीनवर अंधूक ठेवून आम्ही चिमट्याने डबे जागेवर आणत बसलो, पण लाइटच्या उष्णतेने फळीखालचा हॉट ग्लू मऊ पडला होता, बसवलेली फळी हळूहळू परत खाली यायची. दीड दिवसाचं काम गेलं. दुसऱ्यांदा ५० च्या आसपास परत तेच.

तेव्हा मी जे बोलले ते लिहायला जिवावर येतंय. "तुम्हाला सेट सांभाळता येत नाही."

ॲनिमेटर काही बोलली नाही. मनगट दाखवलं, भिंतीच्या कडेने लाल वळ उठला होता. मग म्हणाली, "तू एकदा हात घालून बघ." घातला. म्हातारीच्या कोपरापर्यंत बोटं पोचायच्या आधी माझी बाही दिव्याला लागली. दोन महिने मी तो सेट बनवत होते आणि ती उभी राहते तिथून एकदाही आत हात घातला नव्हता.

बारीक दातांची करवत घेतली. सांध्यालगतच्या टाइल्स टकटक उडत होत्या. पोटात गोळा आला होता, पण खरं सांगायचं तर दुःखापेक्षा राग जास्त होता, आणि तो तिच्यावरच होता. त्या शॉटमध्ये ती भिंत फ्रेममध्ये नव्हतीच! तिसरा टेक सरळ पार पडला.

त्याआधी मीच सगळ्यांना १९३३ च्या 'किंग काँग' सिनेमातल्या, असाच हलवलेल्या, महाकाय माकडाचं उदाहरण द्यायचे. त्याच्या अंगावरचे केस सारखे हलताना दिसतात, ते ॲनिमेट करणाऱ्यांच्या बोटांमुळे, हाताचा ठसा दिसलाच पाहिजे म्हणायचे. मग माझ्या भिंतीतला सांधा का नको होता मला? हे माझं मलाच अजून सांगता आलेलं नाही. बहुतेक मला फक्त माझाच हात दिसायला हवा होता. किंवा नसेलही तसं, चांगलं काम करायची हौस असणं गुन्हा आहे का?

वाइड शॉटला ती भिंत मागून क्लॅम्प लावून परत उभी केली. फट दिसते, आजवर एकानेही विचारलं नाही. नंतर दार-खिडक्या दुसऱ्या सेटला गेल्या, उरलेलं मोडलं. ठेवलं असतं तरी ग्लू सुटत गेला असता आणि त्या मापाच्या वस्तूंवरची धूळ काही केल्या निघत नाही. काही जण सेट जपून ठेवतात, प्रदर्शनात मांडतात, मला ते बघायला आवडतंसुद्धा.

आत्ता जो सेट चालू आहे त्याची उजवी भिंत चार बोल्टवर आहे. सांधा झाकायला मी तिथे पाण्याचा एक उभा पाइप घेतलाय, गंजलेला. ती म्हणते तोही काढता आला पाहिजे. मी अजून हो म्हटलेलं नाही.