तुम्ही विचारलंत म्हणून : एवढं शिकून काय कळलं?

मी आंतरराष्ट्रीय राजकारणात एम.ए. केलं. तेव्हापासून लग्नात, बसस्टँडवर, कॉलेज रोडला कुणीही भेटलं की विचारतं, "त्याचा आपल्याला उपयोग काय गं?" याचं उत्तर मला सापडलं ते नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात, आमच्या नानांच्या खळ्यात.

८ डिसेंबर २०२३. आदल्या रात्री कांद्याच्या निर्यातबंदीचा आदेश निघाला होता. लिलाव बंद पडले, चांदवडला शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला. खळ्यात लाल कांद्याचा ढीग पडलेला. उन्हाळ कांद्यासारखा हा कांदाचाळीत महिनोन्‌महिने राहत नाही, काढला की विकायचाच. नाना ढिगापाशी बसून गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, निवडून बाजूला टाकत होते. हात न थांबवता म्हणाले, "भारतानं बंदी घातली म्हणतात. मग आपण कोण?"

एम.ए.च्या पहिल्या वर्षी आम्ही केनेथ वॉल्ट्झ हा अमेरिकन अभ्यासक वाचला होता. जगाच्या वर कुणी सरकार नाही, म्हणून प्रत्येक देश आपापलं रक्षण बघतो, हे त्याचं १९७९ सालचं म्हणणं. मला ते फार पटलं होतं. पण त्या मांडणीत देश हा एकच माणूस असल्यासारखा वागतो. 'भारताला वाटतं', 'चीन चिडला' अशी वाक्यं मीही उत्तरपत्रिकेत धडाधड लिहिली. रॉबर्ट पुटनम या दुसऱ्या अमेरिकन अभ्यासकानं १९८८ मध्ये वेगळं मांडलं : वाटाघाटी करणारा नेता एकाच वेळी दोन टेबलांवर बसलेला असतो, एक परदेशाशी बोलणीचं, दुसरं घरचं. तेही मी वाचलं होतं, मार्कही मिळवले होते. समजलं मात्र नानांनी विचारल्यावर. घरच्या टेबलावर दिल्ली-मुंबईचं गिऱ्हाईक बसलेलं असतं, निर्यातदार असतो, नानाही असतात. आवाज सगळ्यांचा सारखा पोहोचत नाही.

मग मी कांद्याकडे तसं बघायला लागले. २०१९ च्या सप्टेंबरातही अशीच बंदी आली, तेव्हा काही दिवसांनी बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. स्वयंपाक्याला कांदा घालू नकोस असं सांगितलंय, हे त्यांनी भर सभेत हसत सांगितलं. म्हणजे ढाक्याच्या स्वयंपाकघरातही निफाड पोहोचलेलं. पण बांगलादेशही एक नाही. तिथे पाबना, फरीदपूर भागात कांदा पिकवणारे शेतकरी आहेत. त्यांचा माल बाजारात आला की भारतातून येणारा कांदा त्यांना नको असतो. आपल्याकडची बंदी ढाक्याच्या गिऱ्हाइकाला महाग पडते, पाबनाच्या शेतकऱ्याला मात्र भाव देऊन जाते.

२०२३ ची बंदी ४ मे २०२४ ला उठली, तीही किमान निर्यातमूल्य (त्याहून कमी भावानं माल बाहेर पाठवता येत नाही) आणि ४० टक्के निर्यातशुल्क ठेवून. नाशिक-दिंडोरीचं लोकसभेचं मतदान २० मेला होतं. मी हा योगायोग मानत नाही. परदेशाशी व्यापाराचा निर्णय घरच्या टेबलावर कसा होतो, ते मी पुस्तकाबाहेर इतक्या जवळून पहिल्यांदा बघितलं.

नानांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी पाबनाचं नाव दोनदा विचारून घेतलं. आता फोन केला की पाऊसपाणी, भाव झाल्यावर ते विचारतात, "त्या पाबनावाल्यांचा कांदा कधी निघतोय गं यंदा?" मी बघून सांगते.