सात आणि तीन

दशांश अपूर्णांकांची तुलना शिकवून झाल्यावर मी सहावीच्या वर्गाची दहा गुणांची एक छोटी चाचणी घेतली होती. प्रत्येक प्रश्नात दोन संख्या होत्या आणि त्यांतील मोठ्या संख्येभोवती गोल करायचा होता. तपासायला सोपी असल्यामुळे सगळ्या उत्तरपत्रिका मी एका बैठकीत हातावेगळ्या केल्या, गुण नोंदवहीत उतरवले आणि दुसऱ्या दिवशी वर्गात वाटल्या.

तिसऱ्या बाकावर एक मुलगा आणि एक मुलगी शेजारी बसत असत. त्याला सात गुण होते आणि खाली माझा शेरा होता, ‘छान!’ तिला तीन गुण होते आणि शेरा होता, ‘लक्ष दे, अधिक सराव कर.’ गुण झाकले जातील अशा बेताने तिने कागदाचा वरचा कोपरा दुमडला होता आणि ती घडी नखाने पुन्हा पुन्हा दाबत होती. तिची समजूत घालावी म्हणून मी बाकामागे जाऊन उभी राहिले, तेव्हा दोन्ही कागद माझ्या नजरेसमोर शेजारी शेजारी आले. पहिल्या प्रश्नात त्याचे बरोबर, तिचे चूक. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्यात त्याला फुली आणि तिला बरोबरची खूण. मी एकेक प्रश्न करत शेवटापर्यंत गेले आणि दहाच्या दहा प्रश्नांत दोघांची उत्तरे एकमेकांच्या नेमकी उलट निघाली. तिने नुसत्या अंदाजाने गोल केले असते, तर असे जुळून येण्याची शक्यता १,०२४ मध्ये एक इतकीच होती. म्हणजे तिच्या उत्तरांमागे काहीतरी ठाम विचार होता, आणि तो मी विचारलाच नव्हता.

मी दोघांच्या मध्ये बसले. “०.७५ आणि ०.४ यांत तुला ०.४ मोठी का वाटली?” ती गप्प राहिली. स्पष्टीकरण माझ्या ओठांवर आले होते, ते मी मोठ्या कष्टाने आवरले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण सेकंदभरच थांबतात आणि हे थांबणे तीन सेकंदांपर्यंत वाढले की मुलांची उत्तरे लांबतात, त्यांत कारणे येऊ लागतात, हे शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकातच दाखवून दिले आहे. मला ते ठाऊक होते, पण तीन सेकंद किती लांब असतात हे त्या बाकावर बसून कळले.

“बाई, दशांशापेक्षा शतांश लहान असतो ना? ह्या संख्येत शतांश आहेत, म्हणून ती लहान,” ती अखेर म्हणाली. त्यावर तो लगेच उद्गारला, “पण पंचाहत्तर तर चारपेक्षा मोठे आहेत!”

दोघांचेही नियम चुकीचे होते. तो दशांश चिन्हानंतरचे अंक पूर्ण संख्येसारखे वाचत होता, त्यामुळे अधिक अंकांची संख्या त्याला नेहमीच मोठी वाटे. तिने मात्र मीच शिकवलेली एक खरी गोष्ट घट्ट धरली होती. शतांश हा दशांशापेक्षा लहान भाग असतो हे तिला कळले होते. ते भाग किती आहेत, हे मोजायचे तेवढे राहून गेले होते. मी दिलेल्या दहा जोड्यांपैकी सातांत योगायोगाने अधिक अंकांची संख्या खरोखर मोठी होती. मी जोड्या उलट प्रमाणात निवडल्या असत्या, तर त्याला तीन आणि तिला सात गुण मिळाले असते. नोंदवहीतला तो फरक मुलांच्या समजेचा नव्हताच, माझ्या प्रश्ननिवडीचा होता.

शेऱ्यांचा विचार मनात आला तेव्हा अधिकच वाईट वाटले. ‘अधिक सराव कर’ हे ऐकून तिने आपल्याच नियमाचा सराव केला असता आणि चूक पक्की झाली असती. ‘छान!’ने त्याच्या चुकीवर शिक्कामोर्तब केले होते. क्लूगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ साली प्रत्याभरणावरील, म्हणजे कामाविषयी दिलेल्या अभिप्रायावरील, अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक वेळा प्रत्याभरणानंतर कामगिरी उलट खालावलेली आढळली. प्रत्याभरण कामावरून हलून व्यक्तीकडे वळले की त्याचा उपयोग घटतो, असेही त्यांनी म्हटले आहे. माझ्या दोन्ही शेऱ्यांत संख्यांविषयी एक अक्षरही नव्हते.

पुढचा धडा बाजूला ठेवून मी ते दोन्ही नियम कोणाचेही नाव न घेता फळ्यावर लिहिले आणि हात वर करायला सांगितले. वर्गातले निम्म्याहून अधिक हात ह्या ना त्या नियमासाठी वर आले, त्यांत चांगल्या गुणांची मुलेही होती. हे सगळे मी चाचणीपूर्वीच विचारायला हवे होते. शिकवता शिकवताच मुलांना काय कळले ते पाहणे, आकारिक मूल्यमापन म्हणतात ते हेच. मग शंभर घरांचे चौकोन वाटले. ०.४ साठी चार उभ्या ओळी रंगवायच्या होत्या आणि ०.७५ साठी सात ओळी व वर पाच घरे. रंगवताना ती मध्येच थांबली, घरे मोजली आणि म्हणाली, “म्हणजे ०.४ म्हणजे ०.४०च की!” शेजारी तो ०.६ आणि ०.३५ चे दोन चौकोन पुढे ठेवून बराच वेळ त्यांच्याकडे पाहत बसला होता.

तास संपल्यावर तो टेबलाजवळ आला. “बाई, मग माझे सात गुण खोटे आहेत का?” त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, भीती होती. मी त्याला सांगितले की उत्तरे तुझी बरोबरच होती, पण मी प्रश्न असे विचारले होते की तुला काय अडते आहे ते मलाच दिसले नाही. त्याच्या कागदावरचा ‘छान!’ मी खोडला आणि त्याच्यासमोरच लिहिले: ‘०.६ मध्ये शतांश किती?’ मुलीच्या कागदावर लिहिले: ‘शतांश लहान हे बरोबर, ०.७५ मध्ये ते किती आहेत?’

पुढच्या चाचणीत मी प्रश्न पाचच ठेवले, त्यांत ०.५ आणि ०.५० ही जोडी मुद्दाम घातली आणि प्रत्येक उत्तराखाली ‘कारण’ लिहायला दोन ओळी सोडल्या. तपासायला दोन संध्याकाळी लागल्या. कागदांवर गुण लिहिले नाहीत, फक्त शेरे लिहिले. ते पाहून मुले आधी गोंधळली. मग तिसऱ्या बाकावरून तिने शेजाऱ्याचा कागद ओढून घेतला आणि त्याने लिहिलेले कारण मोठ्याने वाचायला लागली.