कल्हईची भांडी आणि लाल अक्षरांची चादर

दक्षिण फ्रान्समधल्या आव्हिन्यों शहरातून लहान रेल्वेने निघाले, की सुमारे अर्ध्या तासात लील-स्यूर-ला-सोर्ग हे गाव येते. सोर्ग नदीच्या फाट्यांनी ते वेढलेले आहे, आणि एकेकाळी लोकरीच्या व रेशमाच्या गिरण्या चालवणारी लाकडी पाणचक्क्यांची चाके शेवाळाने हिरवीगार होऊन आजही तिथे संथपणे फिरताना दिसतात. हे गाव जुन्या वस्तूंच्या व्यापारासाठी साऱ्या फ्रान्समध्ये प्रसिद्ध आहे. दर रविवारी भाजीबाजाराच्या जोडीने नदीकाठी जुन्या सामानाची दुकाने मांडली जातात, आणि ईस्टरला व ऑगस्टच्या मध्याला मोठी जत्राच भरते.

मी रविवारी सकाळीच पोहोचले. जुनी झुंबरे, सोनेरी चौकटींचे आरसे, संगमरवरी माथ्याची टेबले असे सगळे तिथे होते. मात्र बहुतेक वस्तू घासूनपुसून, भाव ठरवून ठेवलेल्या होत्या. पाय रेंगाळले ते तांब्याच्या भांड्यांपाशी. मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने टांगलेल्या दांड्यांच्या पातेल्यांपैकी एक मी उलटे करून आत पाहिले, तर कल्हई उडून मधोमध तांबूस डाग पडला होता. तांब्यात आंबट पदार्थ कळकतो, म्हणून फ्रेंच स्वयंपाकघरातही आतून कथलाचा लेप देत, आणि आपल्याकडच्या कल्हईवाल्यासारखाच तिथेही गावोगाव फिरणारा कारागीर असे. त्याला ‘रेतामर’ म्हणतात, हे कळल्यावर आमच्या वाड्याच्या अंगणात भाता घेऊन बसणारा कल्हईवाला आणि नवसागराचा तो झोंबणारा धूर लख्ख आठवला.

तरीही माझे मन खऱ्या अर्थाने रमले ते पुढच्या रविवारी, जवळच्याच एका छोट्या खेड्यातल्या ‘व्हिद-ग्रेनिए’मध्ये. या शब्दाचा अर्थच मुळी ‘माळा रिकामा करणे’ असा आहे. व्यापारी नसलेल्या माणसाला अशा बाजारात वर्षातून दोनदाच बसता येते आणि तेही फक्त स्वतःच्या वापरलेल्या वस्तू घेऊन, असा तिथला कायदा आहे. त्यामुळे चौकातल्या चिनारांच्या सावलीत मांडलेल्या प्रत्येक टेबलामागे एखादे घर उभे असल्यासारखे वाटत होते. प्यजो या फ्रेंच मोटार कंपनीचा सिंह मिरवणारी, हाताने फिरवायची कॉफीची चक्की होती. मोटारी काढण्याच्या कितीतरी आधी, 1840 पासून, ही मंडळी कॉफीच्या चक्क्या बनवत आली आहेत. शेजारीच लाकडी मुठीचे ओपिनेल चाकू होते, आणि त्यांच्या पात्यांवर मुकुटधारी हाताचा छाप होता.

एका वयस्कर बाईंच्या टेबलावर घड्या घातलेल्या जाड लिननच्या चादरी रचलेल्या होत्या. ‘बाँज्यूर, मादाम’ म्हणून मी एक उचलली. तिथे अभिवादन केल्याशिवाय वस्तूला हात लावणे उद्धटपणाचे मानतात. चादरीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने, फुली-टाक्यात, एम आणि बी ही दोन अक्षरे भरलेली होती. ती त्यांच्या आजीच्या माहेरच्या नावाची होती. पूर्वी लग्नाआधी मुली वर्षानुवर्षे बसून आपला ‘त्रूसो’ तयार करत, आपल्याकडच्या रुखवतासारखा. पण दिखाव्यासाठी नव्हे, जन्मभर वापरण्यासाठी. मोठ्या धुण्याच्या वेळी कोणाची चादर कोणती हे त्या अक्षरांवरून ओळखता येई.

चादरीच्या मधोमध एक लांब शिवण होती. मागाचा पन्हा अरुंद असल्यामुळे दोन पट्टे जोडावे लागत, हे मला ठाऊक होते. पण बाईंनी आणखी एक गोष्ट दाखवली. चादर मध्ये विरली, की ती शिवण उसवून कडेचा जाड भाग मध्ये घेत आणि विरलेला भाग कडेला टाकत. त्यांनी कडेवरून बोट फिरवले, आणि खरोखरच तिथले कापड मऊ, जवळजवळ पारदर्शक झाले होते. माझ्या आजीने जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या गोधड्यांची आठवण त्या क्षणी फार जवळून झाली.

त्यांनी वीस युरो सांगितले. घासाघीस करायला तिथे कोणाची हरकत नसते. पण मला ती करवेना. मी पैसे दिल्यावर त्यांनी चादरीची दोन टोके माझ्या हाती दिली. आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहिलो, चादर ताणून झटकली आणि घरी आई आणि मी घालतो तशीच टोकाला टोक जुळवून घडी घातली. लाल अक्षरे वर येतील अशी शेवटची घडी त्यांनी स्वतः बसवली.