आधी वायरिंग, मग पिकअप: माझा अनुभव

माझी इलेक्ट्रिक गिटार फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर या मॉडेलच्या घडणीची. तीन सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचे) पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे भाग, त्यांतला कोणता वाजवायचा ते ठरवणारा पाच जागांचा स्विच, एक व्हॉल्यूम आणि दोन टोन. नेक सरळ, फ्रेट अजून उत्तम, हाताला पूर्ण सरावलेली. आवाज मात्र कर्कश. ब्रिजच्या, म्हणजे तारा बॉडीवर टेकतात तिथल्या, पिकअपवर वरच्या दोन तारा कानाला टोचायच्या. व्हॉल्यूमचा नॉब बराच खाली आणेपर्यंत काही फरक जाणवायचा नाही आणि मग आवाज एकदम बसायचा. ज्याला विचारावं तो म्हणायचा, पिकअप बदल.

पिकअप बदलायचे हे ठरलंच होतं, पण सगळं एकाच वेळी बदललं तर कशामुळे काय झालं हे कळणार नाही. म्हणून आधी जुन्याच पिकअपवर नवं हार्नेस, म्हणजे पॉट (नॉबखालचे फिरते रेझिस्टर), स्विच, जॅक आणि वायरिंग, बसवायचं ठरवलं. हा क्रम मी आता प्रत्येकाला सुचवतो.

तारा काढून पिकगार्ड (पिकअप आणि नॉब बसवलेला पुढचा प्लास्टिकचा पत्रा) उलटा केला आणि सगळ्या जोडण्यांचे फोटो काढून ठेवले. पिकगार्डवरून बॉडीकडे जाणाऱ्या वायरी तीनच असतात. दोन जॅककडे जातात आणि एक मागच्या स्प्रिंगच्या पट्टीकडे. ही तिसरी तारांना ग्राउंड करते, तारांवर हात ठेवला की गुणगुण कमी होते ती हिच्यामुळे. पॉटवर छापलं होतं बी ५०० के. कर्कशपणाचं निम्मं उत्तर तिथंच होतं. व्हॉल्यूमचा पॉट पिकअपवर सतत भार टाकत असतो. २५० किलोओहमचा पॉट वरची थोडी धार ग्राउंडकडे सोडतो. ५०० चा पॉट ती तशीच राहू देतो, म्हणून तो मुळात जाड आवाजाच्या हमबकरला, म्हणजे दोन वेटोळ्यांच्या पिकअपला, शोभतो. ‘बी’ म्हणजे लिनिअर, सम प्रमाणात बदलणारा. कानाला आवाजाची चढउतार लॉगरिदमिक पद्धतीनं जाणवते, त्यामुळे व्हॉल्यूमला ‘ए’, म्हणजे लॉगरिदमिक, प्रकारचा पॉट लागतो. मी तिन्ही पॉट ए २५० के घेतले, टोनला ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

बसवताना खरा वेळ गेला तो भोकांत. मोठ्या पॉटची आटे असलेली मान साधारण ९.५ मिलिमीटर जाड असते, माझ्या पिकगार्डची भोकं त्याहून लहान. ड्रिलनं प्लास्टिक तडकू शकतं, म्हणून हातानं रीमर फिरवत, दोन्ही बाजूंनी थोडं थोडं करत ती वाढवली. जुने नॉबही नव्या दांड्यांवर बसेनात, कारण दांड्यांवरच्या दातांची संख्या वेगळी. नॉब नवे घ्यावे लागले.

पॉटच्या पाठीवर ग्राउंडचा डाग देणं हे या कामातलं सगळ्यात नाजूक प्रकरण. पाठ म्हणजे धातूची मोठी डबी, ती उष्णता ओढून घेते. बारीक टोकाचं आयर्न तिथं लावून बसलं की सोल्डर वितळेपर्यंत आतला कार्बनचा पट्टा भाजून निघतो. मी पाठ पॉलिश पेपरनं घासली, थोडा फ्लक्स लावला, रुंद चपटं टोक नीट तापवलं आणि मग टेकवलं. सोल्डर आधी मण्यासारखं गोल उभं राहतं आणि पृष्ठभाग पुरेसा तापला की एकदम पसरून चकचकीत होतं. त्या क्षणी वायर ठेवायची, टोक उचलायचं आणि ते गोठेपर्यंत हात अजिबात हलवायचा नाही. हललाच तर डाग करडा, दाणेदार दिसतो. तो पुन्हा वितळवून द्यावा.

या वेळी दुसरा टोन ब्रिजच्या पिकअपलाही जोडून घेतला. जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये ब्रिजला टोनच नसतो. नेमका जिथं टोचतो तिथं नॉब नाही, हे मला कधीच पटलं नव्हतं.

जुनेच पिकअप, नव्या तारा, आणि ॲम्प लावला. टोचणं बरंचसं गेलं होतं! व्हॉल्यूम आता नॉबच्या पूर्ण फेऱ्यात हळूहळू उतरत होता. आवाज कमी केल्यावर धार जरा जास्तच जात होती, म्हणून व्हॉल्यूमच्या मधल्या आणि इनपुटच्या पायांवर १००० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर १५० किलोओहमचा रेझिस्टर जोडला. तीही तक्रार मिटली.

मग पिकअप. जुन्यांत स्टीलचे खांब आणि खाली चिकटवलेला सिरॅमिक चुंबक होता. नव्यांत अल्निको ५ या चुंबकी मिश्रधातूच्या कांड्या. नेकचा आणि मधला एका संचातले, ब्रिजचा दुसऱ्या कंपनीचा. असं मिश्रण करायचं असेल तर सोल्डर करण्याआधी फेज, म्हणजे सगळ्यांचे सिग्नल एकाच दिशेनं चढतात का, ते तपासणं अत्यावश्यक. मल्टीमीटर २० किलोओहमवर ठेवून पिकअपच्या दोन वायरींना जोडला, खांबांवर स्टीलचा स्क्रूड्रायव्हर टेकवून झटकन उचलला. पहिल्या दोघांचा आकडा उचलताना वर उडी मारत होता, ब्रिजचा खाली. होकायंत्र धरलं तर नेक आणि ब्रिजचा ध्रुव एकच, मधल्याचा उलटा. म्हणजे ब्रिजच्या चुंबकात नाही, गुंडाळण्याच्या दिशेत फरक होता. त्याच्या दोन वायरींची अदलाबदल केली की काम झालं. नाहीतर ब्रिज आणि मधला एकत्र वाजवताना आवाज नाकातून आल्यासारखा पातळ झाला असता.

मधल्याचे ध्रुव आणि वेटोळे दोन्ही उलटे असल्यानं स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी, म्हणजे मधला शेजारच्या पिकअपबरोबर वाजतो तिथं, गुणगुण जवळजवळ संपते. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये ज्याच्या पेटंटचा अर्ज केला, त्या हमबकरचं तत्त्व हेच. गंमत म्हणजे १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरला स्विच तीनच जागांचा होता. वादक तो मध्येच अडकवून हे दोन आवाज काढायचे. कारखान्यातून पाच जागांचा स्विच आला १९७७ मध्ये.

शेवटी उंची. शेवटचा फ्रेट दाबून जाड तारेखाली सुमारे २.४ मिलिमीटर आणि बारीक तारेखाली २ मिलिमीटर अंतर ठेवलं, तिथून कानानं अर्धा-अर्धा फेरा स्क्रू फिरवला. अल्निकोच्या कांड्या तारेला ओढतात. फार जवळ आणल्या तर जाड तार वरच्या फ्रेटवर डळमळते आणि ट्यूनिंग खरं वाटत नाही. नेकचा पिकअप थोडा आणखी खाली नेल्यावर तो एकदम मोकळा झाला, प्रत्येक तार वेगळी ऐकू येऊ लागली.

पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या जागी गुणगुण आहेच, सिंगल कॉइलची ती प्रकृतीच. दिव्यांच्या डिमरची खरखर मात्र पोकळीत तांब्याची टेप लावून बरीच कमी करता येते. पुढच्या वेळी तारा बदलताना ते काम घेईन.