तुम्ही विचारलंत म्हणून : बंट्याला शिक्षा का नाही?

माझ्या कादंबरीबद्दल शाळेत बोलायला गेलो की हा प्रश्न येतोच. परवा नाशिकच्या गंगापूर रोडला भाजी घेताना एका बाईंनीही विचारला. "एमडी विकणाऱ्या पोराला सुधारून मोकळे झालात. शिक्षा का नाही दिलीत?"

एमडी म्हणजे मेफेड्रोन, नशेची पावडर. एकदाच लिहितो.

माझ्या कादंबरीतला बंट्या पंधरा वर्षांचा आहे. त्याच्या नव्या बुटांचं, मोबाईलचं मी कुठेही कौतुक केलेलं नाही. तुरुंगात घाला म्हणणाऱ्यांनी कायदा तरी पाहावा. एवढं मूल बाल न्याय मंडळापुढे जातं, आणि २०१५ च्या त्याच बाल न्याय कायद्याचं कलम ७८ मुलाकडून अमली पदार्थ विकवून घेणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावातला एमडीचा कारखाना मुंबई पोलिसांनी पकडला, तेव्हा गावभर तीनशे कोटींची चर्चा होती. पुडी कुणाच्या दप्तरातून फिरते, हे कुणी विचारलं? मीही नाही. आणि मला तर ते माहीत होतं.

हे आजवर टाळलं. त्या छाप्याच्या आदल्या वर्षी सिडकोत मी दहावीचा क्लास घेत होतो. भूमितीचा तास. एका मुलाला कर्कटक काढ म्हणालो, तो कंपासपेटी उघडेना. मीच उघडली. कोनमापकाखाली चार पुड्या. बाकीची मुलं वर्तुळं काढत होती. मी तास संपू दिला. मग त्याला थांबवलं, उरलेल्या फीचे पैसे पाकिटात घालून हातात दिले आणि म्हणालो, उद्यापासून येऊ नकोस. घरी सांगणार का, असं विचारेल वाटलं होतं. तो म्हणाला, "सर, सोमवारची चाचणी तेवढी देऊ का?"

मी नाही म्हणालो. पुड्या संडासात ओतल्या. पोलिसांकडे गेलो नाही, मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला, फोन केला नाही, त्याच्या आईला भेटलो नाही. वर्गात आणखी तेवीस मुलं आहेत, असं स्वतःला सांगत राहिलो. ते खोटं नव्हतं. ती तेवीस मुलं आठवली की आजही वाटतं, दुसरं काय करणार होतो? पण चाचणी तरी देऊ द्यायची होती.

पहिल्या खर्ड्यात बंट्या रडून माफी मागतो, दहावीला पंच्याऐंशी टक्के मिळवतो. मुलांच्या पुस्तकात आशा हवी, असं तेव्हा मी ठासून सांगायचो. पुढे ती पानं काढली. त्यानं माफी कुणाची मागायची, हेच मला ठरवता येईना. आता एवढंच आहे : सहावीतला एक पोरगा पुडी मागायला येतो. गिऱ्हाइकाचं नाव विचारायचं नाही, हे बंट्याला शिकवलेलं, तरी तो विचारतो. मग त्याच्याच्यानं पुडी देववत नाही. पुढच्या आठवड्यात तो दुसऱ्याला विकतो. पुन्हा थांबतो. याला सुधारून मोकळं होणं म्हणायचं?

एका आईचं म्हणणं मात्र मला खोडता येत नाही. "माझ्या मुलाला ज्यानं दिलं, त्याचं वाढणं मी का वाचू?" नका वाचू, ताई.

कादंबरीत सोमवार येतो आणि सर बंट्याला पेपर देतात. ते प्रकरण मी सगळ्यात आधी लिहिलं होतं. त्या खऱ्या सोमवारी तो मुलगा जिन्यापर्यंत आला होता का, मला माहीत नाही. दाराकडे पाठ करूनच मी पेपर वाटले.