कॅपिटॉल रीफ टाइमलॅप्स: लुकलुक गेली, वांगी रंग आला

मागच्या वेळी युटामधल्या कॅपिटॉल रीफ राष्ट्रीय उद्यानात, चालत्या गाडीतून काढलेल्या टाइमलॅप्सचं (ठरावीक वेळाने फोटो काढून ते भरभर पळवायचे) मी रडगाणं गायलं होतं. तिथल्या सीनिक ड्राइव्ह या रस्त्याच्या १४०० फ्रेम आणि स्टार्टर गेलेल्या ट्यूबलाइटसारखं लुकलुकणारं आकाश. तेव्हा खापर मी उन्हावर फोडलं होतं. ते मागे घेते.

मांडणी तीच आहे. डांबरी रस्ता ७.९ मैल, वेग ताशी २० मैल, सेकंदाला एक फ्रेम. सेकंदाला २४ फ्रेमच्या गतीने जेमतेम मिनिटभर चालतं. फ्रूटा या जुन्या वस्तीहून चारनंतर दक्षिणेकडे निघायचं, म्हणजे डावीकडचे विंगेट वालुकाश्माचे कडे समोरून उजळतात. डॅशबोर्डवर जुना काळा मखमली ब्लाउजपीस अंथरल्यापासून काचेतलं प्रतिबिंबही गायब. बाजारातल्या चाळीस डॉलरच्या 'हूड'पेक्षा हा बरा.

पण लुकलुक? आयएसओ १००, एफ १६ (लेन्सचं भोक बारीक), शटर १/१०० सेकंद, सगळं मॅन्युअल. तरी ढग नसलेल्या सरळ पट्ट्यातसुद्धा होतीच. लुकलुक पुसणारं डीफ्लिकर सॉफ्टवेअर मारलं तर ग्रँड वॉश घळीच्या तोंडाशी येणारी खरी सावलीही धुऊन निघाली. शेवटी एका रात्री बॅटरीवरचा एलईडी दिवा पांढऱ्या भिंतीवर रोखला (घरातल्या विजेवर माझा भरवसा नाही) आणि २०० फ्रेम एफ १६ वर, २०० एफ २.८ वर (भोक पूर्ण उघडं) काढल्या. १६ वर हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बेडकासारखा उड्या मारतोय, २.८ वर ढिम्म!

म्हणजे दोषी लेन्सची पाती. दर फ्रेमला ती १६ पर्यंत मिटतात, पुन्हा उघडतात, आणि दर वेळी केसभर इकडेतिकडे थांबतात. भोक जितकं लहान, तितका तो केसभर फरक मोठा. जुन्या मंडळींना हे ठाऊकच असणार. मला पाच महिने लागले.

पाती मिटलेलीच राहावीत म्हणून प्रिव्ह्यू बटण दाबून लेन्स अर्धवट फिरवायची युक्ती माहीत आहे, पण हादरणाऱ्या गाडीत लेन्स अर्धी लटकत ठेवायची माझी छाती नाही. त्यापेक्षा पाती उघडीच ठेवली. एफ २.८ वर शटर १/३२०० झालं, झुडपं सुईने टोचल्यासारखी दिसायला लागली. मग एनडी ६४ (उजेड ६४ पट कमी करणारा काळा फिल्टर) लावला, शटर १/५०. वर चकाकी कापणारा पोलरायझर फिल्टर, साधारण १/२०. कडेची झुडपं आता वाहतात.

शनिवारी जाऊन आले. आकाश स्थिर! ते मिनिट मी अकरा वेळा पाहिलं, बाराव्यांदा नवऱ्याने लॅपटॉप मिटला.

आणि मग रंग दिसला. स्वस्तातला एनडी. चिनली खडकाचा राखाडी-हिरवा पट्टा चक्क भरल्या वांग्याचा झालाय. मधला भाग दुरुस्त करावा तर कडा हिरवट. फिल्टरवर पैसे वाचवू नका, एवढंच म्हणते. चांगला मागवलाय.

दुसरी अडचण डांबर संपल्यावरची. २० मैलांच्या वेगात दोन फ्रेममध्ये नऊ मीटरचं अंतर पडतं. कॅपिटॉल गॉर्ज या घळीतल्या कच्च्या रस्त्यावर भिंती अंगावर येतात, तिथे ही उडी डोळ्यात खुपते. वेग निम्मा केला तरी साडेचार मीटर. इंटरव्हल अर्ध्या सेकंदाचा करणार होते, पण...

हे लिहितानाच सुचलं. गाडी कशाला? १९६२ पर्यंत हमरस्ता याच घळीतून जायचा. पूर आला की दगड उपसा, मग पुढे. २४ नंबरचा रस्ता फ्रीमाँट नदीच्या बाजूने झाला आणि आता घळीतल्या जुन्या रस्त्याच्या पुढच्या तुकड्यात फक्त चालता येतं. म्हणजे गाडी थांबते तिथून ट्रायपॉड घेऊन त्याच जुन्या रस्त्यावर हायपरलॅप्स, दोन पावलांना एक फ्रेम, भिंतीवर कोरलेल्या वसाहतकऱ्यांच्या नावांपर्यंत. सावलीच असते, एनडी लागणारच नाही. वांगीही गेलं!

आभाळ भरलेलं दिसलं तर घळीत पाऊल टाकणार नाही, लोंढा सांगून येत नाही. नाहीतर येत्या शनिवारी निघतोय. नवऱ्याची एकच अट: गिफर्ड हाऊस या खाऊच्या दुकानाशी जाताना थांबायचं, येताना नाही. मागच्या दोन्ही वेळा पाय संपले होते. खायचे, फळांचे.