आमची वाटचाल: जुना गेम बॉय ते मंचावरचं वाद्य

जुने गेम बॉय, म्हणजे निन्टेंडोची हातात धरून खेळायची यंत्रं, उघडायचे आणि त्यांची वाद्यं करायची, हा आमचा धंदा. सुरुवात एकाच कामाने झाली: यंत्राच्या आत तयार होणारा आवाज स्वच्छपणे बाहेर काढून देणं. पुढे वादकांच्या मागण्या वाढल्या, तशी कामंही वाढत गेली. कोणतं काम का घेतलं, ते कसं करतो आणि कशाला सरळ नाही म्हणतो, ते इथे मांडतो आहोत. कुणाला घरी स्वतः करायचं असेल तर हेच वापरा, आमची हरकत नाही.

काम मुख्यतः १९८९ च्या मूळ करड्या मॉडेलवर, म्हणजे डीएमजीवर. नंतरचे पॉकेट (१९९६) आणि कलर (१९९८) खिशाला सोयीचे आहेत, पण बेसचं वजन आणि कमी खरखर या दोन्ही बाबतींत वादकांचा कल जुन्याकडेच राहिला. ॲडव्हान्स (२००१) मुळात खरखरीचा, आणि त्याच्या एसपी आवृत्तीला तर हेडफोन जॅकच नाही. हे आम्ही मागणी आली तर करतो, सुचवत नाही.

आत चार आवाज असतात. दोन पल्स चॅनल, ज्यांची रुंदी १२.५, २५, ५० किंवा ७५ टक्के ठेवता येते. एक वेव्ह चॅनल, ज्यात ४ बिटांचे ३२ नमुने भरून स्वतःचा तरंग बनवता येतो. आणि एक नॉइज चॅनल, ढोल-झांजेच्या कामाचा. पल्सची वारंवारता १३१०७२ भागिले (२०४८ − रजिस्टरमधला आकडा) अशी निघते. आकडा १७५० ठेवला की ४३९.८ हर्ट्‌झ, म्हणजे ४४० च्या अगदी जवळ. वर जावं तशी पायरी मोठी होते: २००० हर्ट्‌झच्या आसपास दोन शेजारच्या आकड्यांत सुमारे २७ सेंटचं (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) अंतर पडतं. वरच्या सप्तकात यंत्र बेसूर वाटतं ते यामुळे. तो बिघाड नाही आणि कोणताही मॉड (यंत्रात केलेला बदल) तो सुधारत नाही. वेव्ह चॅनल पल्सच्या एक सप्तक खाली, थेट ३२ हर्ट्‌झपर्यंत उतरतो. बेस तिथेच वाजवतात, आणि आतल्या छोट्या स्पीकरमधून नेमका तोच ऐकू येत नाही.

वाजवण्यासाठी सॉफ्टवेअर कार्ट्रिजमध्ये असतं. योहान कोटलिन्स्की यांचं लिटिल साउंड डीजे आणि त्याआधीचं नॅनोलूप, या दोघांवर बहुतेक वादकांचं काम चालतं. आम्ही सॉफ्टवेअर विकत नाही. यंत्र तपासायला मात्र तेच वापरतो.

आता मुख्य गोष्ट. लोक मॉडसाठी येतात, आमचा निम्मा वेळ मात्र सफाईत जातो. आम्ही दर सुट्या भागांवर न लावता वेळेवर लावतो ते म्हणूनच. गळक्या सेलांनी खाल्लेल्या यंत्रात उत्तम जॅक बसवला तरी मंचावर ते दगा देणार.

मागच्या कवचाला तीन पाकळ्यांचे सहा स्क्रू असतात, त्यातले दोन बॅटरीच्या खणात. साधा स्क्रू-ड्रायव्हर घुसवला की डोकं घासून जातं आणि मग ड्रिलशिवाय सुटका नाही. आतले स्क्रू फुलीचे. दोन्ही अर्धी कवचं एका रिबनने जोडलेली असतात. ती सरळ वर ओढायची. तिरकी ओढली की टोकाचे संपर्क वाकतात आणि पडद्याचे किंवा बटणांचे चमत्कारिक दोष सुरू होतात.

बॅटरीच्या पत्र्यांवर हिरवं-पांढरं दिसलं तर ती अल्कलाइन सेलची गळती. ती क्षारीय असल्याने आधी व्हिनेगरचा बोळा, मग पाणी अगदी थोडं, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. स्प्रिंगची चकाकी उडून आतलं लोखंड दिसत असेल तर घासत बसू नका, स्प्रिंग बदला. त्यानंतर पॉवर स्विच. यंत्र जरा हलवलं की रिसेट होतं, या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. यंत्र चालू ठेवून मल्टिमीटरने स्विचच्या दोन्ही बाजूंमधला व्होल्टेज मोजायचा. ५० मिलिव्होल्टच्या वर गेला तर आम्ही स्विच सोडवून आतले संपर्क पुसतो. नुसता अल्कोहोलचा थेंब टाकून स्विच पुढे-मागे केला तर तात्पुरतं भागतं, महिन्या-दोन महिन्यांत तक्रार परत येते.

आवाज बाहेर काढण्याच्या कामाला सगळे प्रोसाउंड म्हणतात. मूळ मार्ग असा: मुख्य चिप, तिथून आवाजाचा पॉट (आवाज कमी-जास्त करायची चकती), मग छोटा ॲम्प्लिफायर आणि शेवटी हेडफोन जॅक. खरखर आणि पातळ बेस हे दोन्ही मुख्यतः ॲम्प्लिफायरच्या टप्प्यात येतात. म्हणून पॉटच्या आधीच डावा, उजवा आणि ग्राउंड असे तीन धागे काढून वेगळ्या जॅकला न्यायचे. पॉटचे पाय पाठ करण्यापेक्षा शोधून काढलेले बरे. सेल काढून मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड असला की बीप देतो त्या खुणेवर) ठेवा: बॅटरीच्या ऋण टोकाशी जो बीप देतो तो ग्राउंड. उरलेल्यांपैकी जिथला आवाज पॉट फिरवला तरी बदलत नाही, ते पॉटच्या आधीचे. डावा-उजवा ठरवायला एका चॅनलचा सूर फक्त एका बाजूला पाठवून ऐका.

जोडण्याआधी त्या पायांवर डीसी मोजतो. ठरावीक व्होल्टेज बसलेला दिसला तर मालिकेत १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, धन टोक जास्त व्होल्टेजच्या बाजूला. हा आकडा हवेतून काढलेला नाही: मिक्सरची इनपुट १० किलोओहम धरली तर १० मायक्रोफॅरडला कापण्याची सीमा १.६ हर्ट्‌झवर येते, १ मायक्रोफॅरडला १६ वर, आणि ०.४७ टाकलात तर ३४ वर, म्हणजे वेव्ह चॅनलचा तळ गेलाच. ‘बेस कमी आहे’ म्हणून दुसऱ्याकडचं काम आमच्याकडे येतं तेव्हा सगळ्यात आधी हाच कपॅसिटर बघतो.

वायर आवरणवाली, आवरण एकाच टोकाला ग्राउंड. दोन्ही टोकांना जोडलं की आतल्या आत ग्राउंडची वेटोळी तयार होतात. वायर पॉवर कन्व्हर्टरच्या छोट्या बोर्डापासून लांब न्यायची. तो बोर्ड ५ व्होल्ट बनवतोच, शिवाय पडद्यासाठी ऋण व्होल्टेजही बनवतो, आणि त्याची बारीक शिट्टी शेजारून जाणाऱ्या कुठल्याही धाग्यात शिरते. सोल्डरिंगची इस्त्री ३२० ते ३५० अंशांवर, एका पायावर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त नाही. जुन्या बोर्डाची तांब्याची टिकली उचकटली तर पुन्हा बसत नाही, मग पुढच्या भागापर्यंत वायरने उडी मारावी लागते.

३.५ मिलिमीटरच्या जॅकला साधारण ६ मिलिमीटरचं भोक लागतं. आधी २ चं, मग पायऱ्यांच्या ड्रिलने हळूहळू. एकदम मोठा ड्रिल लावला तर जुनं प्लास्टिक तडकतं. भोक पाडण्याआधी जॅक आत धरून कवच बंद होतंय का ते पाहा. बाहेरून सुबक वाटणारी जागा आतून स्क्रूच्या खांबावर येते, हे नेहमीचंच.

पडद्याचं काम आम्ही नाइलाजाने सुरू केलं असं म्हटलं तरी चालेल. मूळ पडद्याला स्वतःचा उजेड नाही. अंधाऱ्या मंचावर वादकाला काहीच दिसत नाही. उभ्या रेषा गायब असतील तर त्या आधी आणायच्या: पडद्याच्या खालच्या कडेला रिबन चिकटलेली असते, तिच्यावरून कमी तापमानाची इस्त्री हलक्या दाबाने फिरवली की सुटलेला चिकटा पुन्हा धरतो. यंत्र चालू ठेवूनच करायचं, म्हणजे रेषा परतताना दिसतात. मग काचेमागची परावर्तक ध्रुवक (पोलरायझर) फिल्म कोपऱ्यातून पात्याने सोडवायची. एका दमात ओढू नये, काच चिरते. उरलेला गोंद अल्कोहोलने निघतो, फक्त त्यासाठी धीर हवा. आत दिव्याची पाटी आणि नवी ध्रुवक फिल्म.

फिल्म ९० अंशांत फिरवली की चित्र उलटं होतं, काळ्याचं पांढरं. त्यावर पडद्याकडे जाणाऱ्या दोन डेटा-ओळी ७४एचसी०४ या इन्व्हर्टरमधून (संकेत उलटा करणाऱ्या चिपमधून) नेल्या की चित्र पुन्हा सुलटं होतं आणि कॉन्ट्रास्ट लक्षणीय वाढतो. चिपचा १४ वा पाय ५ व्होल्टला, ७ वा ग्राउंडला. सहापैकी दोनच गेट वापरात असतात. उरलेल्या चार इनपुट ग्राउंडला बांधा, मोकळ्या सोडल्या तर त्या मनाला येईल तशा हलतात आणि आवाजात कुरकुर येते. दिव्याला रोधक हवाच: ५ मधून दिव्याचे ३.२ वजा, उरले १.८, १० मिलिॲम्पिअरला १८० ओहम. दिवा लावल्यावर आवाजात शिट्टी आली तर त्याच्या पुरवठ्यावर १०० मायक्रोफॅरड टाकून बघतो.

रंगीत कवच, नवी बटणं वगैरे करून देतो. ग्राहकाच्या डोळ्यांत आधी तेच भरतं, आवाजाला मात्र त्याचा काडीचा उपयोग नाही.

सगळ्यात जास्त वाद होतो तो पिच नॉबवरून. यंत्राचं घड्याळ ४.१९४३०४ मेगाहर्ट्‌झच्या स्फटिकावर चालतं. त्याच्या जागी एलटीसी१७९९ ही चिप लावली की एका रोधकाने वेग बदलता येतो, आणि वेगाबरोबर सूरही. चिपची विभाजन-पिन ग्राउंडला बांधली की वारंवारता = १० मेगाहर्ट्‌झ × (१० किलोओहम ÷ रोधक). मूळ वेगाला २३.८४ किलोओहम, सप्तकभर वर ११.९, सप्तकभर खाली ४७.७. आम्ही १२ किलोओहमचा पक्का रोधक आणि त्याच्या मालिकेत ५० किलोओहमचा नॉब लावतो, म्हणजे ८.३ ते १.६ मेगाहर्ट्‌झ. पक्का रोधक विसरलात तर नॉब टोकाला नेताच यंत्र गोठतं. वरची मर्यादा चिपपेक्षा कार्ट्रिजवर जास्त ठरते, त्यामुळे ज्याचं त्याने आपल्याच कार्ट्रिजवर तपासायचं.

इथे एक गणित लोकांच्या लक्षात येत नाही. रोधक आणि वेग यांचं नातं उलटं आहे, त्यामुळे नॉबच्या पहिल्या चतुर्थांशातच वरचं अख्खं सप्तक संपतं आणि मूळ सूर त्याच्या काठावर येतो. शिवाय चिपची चूक दीड टक्क्यापर्यंत असू शकते, म्हणजे जवळजवळ २६ सेंट. दुसऱ्या वाद्याबरोबर वाजवताना ते कानाला खुपतंच. म्हणून आम्ही मूळ स्फटिक काढून टाकत नाही. स्विचने स्फटिक किंवा चिप असा पर्याय ठेवतो. वाजत असताना स्विच मारला तर यंत्र अडकू शकतं, तेव्हा तो बंद करूनच बदला. चिपच्या पायाशी ०.१ मायक्रोफॅरड आणि स्फटिकाच्या जागेपर्यंतची वायर होईल तेवढी आखूड.

वेग बदलला की लयही बदलते, कारण सॉफ्टवेअर त्याच घड्याळावर मोजतं. लय बाहेरून मिळत असेल तर फक्त सूर सरकतो, आणि काहींना नेमकं तेच हवं असतं. घड्याळ पूर्ण थांबवणारं बटण मात्र आम्ही लावत नाही. घड्याळ थांबलं की पडद्यावर एकाच दिशेचा व्होल्टेज बसून राहतो आणि द्रव-स्फटिकाची वाट लागते. मागणी अधूनमधून येते, उत्तर तेच.

लिंक पोर्टचं, म्हणजे दुसरं यंत्र जोडायच्या खाचेचं, काम त्यानंतर आलं. दोन गेम बॉय एकत्र चालवायचे तर केबलमध्ये एकाची डेटा-बाहेर ओळ दुसऱ्याच्या डेटा-आत ओळीला जाते, घड्याळाची ओळ सरळ. केबल सरळ बनवली तर दोन्ही यंत्रं गप्प बसतात. कीबोर्ड किंवा संगणकाशी जोडायला आर्डुइनोबॉय पद्धतीची, म्हणजे बाहेरचे संदेश गेम बॉयला पोचवणारी, पेटी बनवतो. मिडीची (वाद्यं आणि संगणक एकमेकांशी बोलतात ती पद्धत) इनपुट ६एन१३८ या ऑप्टोकपलरमधून (प्रकाशाने संकेत पलीकडे नेणाऱ्या चिपमधून) येते, त्यामुळे दोन्हीकडची ग्राउंड वेगळी राहतात. तो वगळून थेट जोडलं की संगणकाची गुणगुण स्पीकरमध्ये. मिडी दर चतुर्थांश स्वराला २४ ठोके पाठवतं, काही छोटी सिंथ यंत्रं फक्त २. पेटीत हे भाग द्यायचं काम सॉफ्टवेअरच करतं.

जुन्या कार्ट्रिजमध्ये गाणी एसरॅममध्ये (वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीत) आणि ती टिकवायला सीआर२०२५ सारखा सेल. सेल संपला की गाणी गेली. आम्ही आधी सगळं संगणकावर उतरवतो, मगच सेल काढतो, आणि टॅब लावलेलाच नवा सेल बसवतो. साध्या सेलवर थेट इस्त्री ठेवली तर तो फुगून फुटू शकतो.

बाहेर पाठवण्याआधीची चाचणी कंटाळवाणी आहे. वेव्हचा खोल बेस आणि नॉइज असलेलं गाणं तासभर लावतो. त्या दरम्यान जॅक हलवतो, यंत्र टेबलावर आपटतो, बेंच सप्लायने व्होल्टेज ६ वरून ४.५ पर्यंत उतरवतो. चार निकेल-मेटल-हायड्राइड सेलचे ४.८ व्होल्ट होतात, त्यामुळे त्याच्या खालीही यंत्र टिकलं पाहिजे. ४.८ लाच रिसेट होत असेल तर पुन्हा पॉवर स्विच, पुन्हा स्प्रिंग. मंचावर सेलच वापरा असंही सांगतो. यंत्र आणि लॅपटॉप एकाच वीजपट्टीवर लावले की जी गुणगुण येते, तिला आमच्या सोल्डरिंगने उपाय नाही.